पॅकेज घातलं, पण त्याच्या फायली गेल्या कुठे?

उबुंटू, लिनक्स मिंट आणि डेबियनसाठी समस्या निवारण

लक्षणं

यांतलं काही तुमच्याकडे होत असेल तर पुढे वाचा. (पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्रॅम वा फॉन्ट, त्याच्या सगळ्या फायलींसकट बांधलेला गठ्ठा.)

- मराठी किंवा कोकणीचा फॉन्ट वा कीबोर्ड घातला, काम पूर्ण झाल्याचा निरोपही आला, पण लिब्रेऑफिसच्या यादीत तो नाही.
- प्रोग्रॅम इन्स्टॉल आहे असं संगणक सांगतो, मेनूत मात्र त्याचं चिन्हच नाही.
- पॅकेजच्या फायली मागितल्या तर फक्त माहितीपत्रकाचं एखादं फोल्डर दिसतं.
- प्रोग्रॅम चालतोय, आणि तरीही ‘हे पॅकेज इन्स्टॉल नाही’ असं उत्तर येतं.
- प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला, तरी जुनी बिघडलेली सेटिंग जशीच्या तशी परत येते.
- पॅकेज घालताना वीज गेली आणि तेव्हापासून प्रोग्रॅम उघडत नाही.

फोंडा आणि डिचोली भागातल्या काही शाळा, वाचनालयं आणि देवस्थानांच्या कचेऱ्या यांचे संगणक मी सांभाळतो. तिथून येणाऱ्या फोनांत हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा असतो. कुणी म्हणतं, “दादा, फॉन्ट घातला पण दिसत नाही.” कुणी म्हणतं, “प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढलं तरी प्रिंटर जात नाही.” वरवर या तक्रारी वेगळ्या वाटतात, पण मुळात सगळ्यांचा प्रश्न एकच आहे: या पॅकेजनं संगणकावर नेमक्या कोणत्या फायली ठेवल्या, आणि कुठे?

अशा वेळी बहुतेक जण फाइल मॅनेजर उघडून अख्ख्या डिस्कवर नावानं शोध घेतात. त्यात वेळ जातो, आणि सापडलेली फाइल त्याच पॅकेजची आहे की दुसऱ्याच कुणाची हे काही कळत नाही. डेबियनच्या घराण्यातल्या प्रत्येक संगणकावर डीपीकेजी नावाचा पॅकेज सांभाळणारा प्रोग्रॅम असतो, आणि कोणत्या पॅकेजनं कोणती फाइल कुठे ठेवली याची चोख नोंद तो ठेवतो. आधी त्या नोंदीला विचारायचं. ती जिथे संपते तिथून पुढेच हातानं शोधायचं. पुढचा सगळा क्रम याच हिशेबानं लावला आहे.

टंकण्याबद्दल एक सूचना. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकायच्या खिडकीत, त्या रोमन अक्षरांतच टंकायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी तसं सांगेन, आणि ते गांभीर्यानं घ्या, कारण लहान-मोठ्या अक्षरानं अर्थ पार बदलतो.

पहिली तपासणी: लॉग आउट करा

हिला खर्च काहीच नाही. कीबोर्डची पॅकेजं आयबस या सेवेमार्फत चालतात आणि ती सेवा सुरू होतानाच यादी वाचते. नवा कीबोर्ड घातल्यावर एकदा लॉग आउट करून परत या, किंवा टर्मिनलमध्ये ‘आयबस रिस्टार्ट’ द्या. लिब्रेऑफिस उघडं असताना फॉन्ट घातला असेल तर त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा. नुसता फॉन्ट पोचला की नाही हे पाहायचं असेल तर:

एफसी-लिस्ट :लँग=एमआर

मराठी लिहू शकणाऱ्या सगळ्या फॉन्टची यादी फायलींच्या पत्त्यासकट येते. कोकणीसाठी ‘एमआर’च्या जागी ‘केओके’ घाला. यादीत तुमचा फॉन्ट आला म्हणजे फाइल जागेवर आहे, आणि अडचण लिब्रेऑफिसच्या बाजूला आहे.

दुसरी: पॅकेज खरोखर पूर्ण बसलं आहे का

डीपीकेजी -एल पॅकेजचं-नाव

इथे एल लहान. उत्तरात ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर तुम्हाला काय हवं होतं ते सांगतं, दुसरं प्रत्यक्षात काय झालं ते. दोन्ही ‘आय’ असतील तर पॅकेज नीट बसलं आहे. ‘आर’ आणि ‘सी’ असेल तर पॅकेज काढलेलं आहे, फक्त सेटिंगच्या फायली मागे राहिल्या आहेत. दुसरं अक्षर मोठा ‘यू’, मोठा ‘एफ’ किंवा मोठा ‘एच’ असेल तर काम अर्धवट आहे. तेव्हा इथून थेट सहाव्या तपासणीवर जा. अर्धवट पॅकेजच्या फायली शोधण्यात अर्थ नाही.

नावाचीही खात्री करा. प्रोग्रॅमचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं नाही. जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन करून त्यांतला मजकूर काढणारा टेसरॅक्ट घ्या. टर्मिनलमध्ये तो ‘टेसरॅक्ट’ या नावानं चालतो, पण पॅकेजचं नाव ‘टेसरॅक्ट-ओसीआर’ आहे. नुसत्या ‘टेसरॅक्ट’ची यादी मागितली की असं पॅकेज इन्स्टॉल नाही असं उत्तर येतं, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

नेमकं कोणतं पॅकेज घातलं हेच आठवत नसेल, किंवा घालणारा दुसराच कुणी असेल, तर /व्हार/लॉग/एपीटी या फोल्डरातली ‘हिस्टरी.लॉग’ उघडा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणती कमांड दिली आणि तिच्यामुळे कोणकोणती पॅकेजं आली हे सगळं तिथे साध्या मजकुरात असतं. शाळेच्या लॅबमध्ये चार हात एकाच संगणकावर फिरतात, तिथे मी या फाइलपासूनच सुरुवात करतो.

तिसरी: यादी मागा

डीपीकेजी -एल फॉन्ट्स-लोहित-देवा

आता एल मोठा. हीच या लिखाणातली मुख्य कमांड. पॅकेजनं ठेवलेली प्रत्येक फाइल एकेका ओळीवर पूर्ण पत्त्यानिशी येते. लोहित फॉन्टची यादी नीट पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला एक तिरकी रेघ आणि टिंब दिसतं. मग /ईटीसी, /युएसआर, /युएसआर/शेअर अशी फोल्डरं येतात, आणि मग कुठे /युएसआर/शेअर/फॉन्ट्स/ट्रूटाइप/लोहित-देवनागरी या फोल्डरात खरी फॉन्टची फाइल सापडते.

इथे एक धोका आहे. यादीत फाइलींबरोबर फोल्डरंही येतात, आणि त्यांत /युएसआर सारखी अख्ख्या संगणकाची सामाईक फोल्डरंही असतात. यादीत /युएसआर दिसलं म्हणजे ते फोल्डर त्या पॅकेजच्या मालकीचं झालं असं नव्हे. ही यादी कधीही, कोणत्याही कारणानं पुसण्याच्या कमांडला जोडू नका. ‘यादीतलं सगळं उडवून टाका’ अशा एका ओळीच्या युक्त्या लोक एकमेकांना पाठवतात. त्यात फोल्डरंही पुसायचा पर्याय असला तर पूर्ण सिस्टिम जाते. पॅकेज काढायचं ते ‘एपीटी’ या पॅकेज घालणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमनंच. फाइल कुणाची, आणखी कुणाला लागते, हे त्याला ठाऊक असतं.

यादी लांब असेल तर ती वाचायची कशी? पत्त्यावरून फाइलचं काम कळतं. /युएसआर/बिन मध्ये असेल तो चालवायचा प्रोग्रॅम. /युएसआर/लिब मध्ये त्याला लागणारे सुटे भाग. /युएसआर/शेअर मध्ये फॉन्ट, चित्रं, भाषांच्या फायली. /ईटीसी मध्ये संपूर्ण संगणकाला लागू असलेल्या सेटिंग. /युएसआर/शेअर/डॉक मध्ये माहितीपत्रक आणि परवाना.

मेनूत चिन्ह नाही अशी तक्रार असेल तर यादीत /युएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स शोधा. तिथे ‘.डेस्कटॉप’ अशा शेवटाची फाइल असेल तरच मेनूत चिन्ह येतं. टेसरॅक्टची अशी फाइल नाही. तो टर्मिनलमधून किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधूनच चालतो. म्हणजे तुमचं इन्स्टॉलेशन बिघडलेलं नाही, तो प्रोग्रॅमच तसा आहे.

टेसरॅक्टच्याच बाबतीत आणखी एक गोष्ट वरचेवर होते. मराठीची फाइल ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ या वेगळ्या पॅकेजात असते. ते न घालता लोक कुठून तरी मराठीची फाइल उतरवतात आणि कुणीतरी सांगितलेल्या पत्त्यावर नेऊन ठेवतात. पण त्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा असतो. उबुंटू 22.04 वर फोल्डर ‘4.00’ नावाचं आहे, 24.04 वर ते नुसतं ‘5’ आहे. जुन्या सूचनेवरून नव्या संगणकावर फाइल ठेवली की ती प्रोग्रॅमला दिसत नाही. आधी मुख्य पॅकेज आणि मराठीचं पॅकेज या दोन्हींची यादी मागा, मराठीची फाइल आपल्या संगणकावर कुठे बसते ते पाहा, आणि हातानं आणलेली फाइल काढून टाका.

यादीत फक्त माहितीपत्रकच आलं तर

घाबरू नका. काही पॅकेजं रिकामीच असतात. इतर पॅकेजं एका दमात ओढून आणणं एवढंच त्यांचं काम. ‘फॉन्ट्स-देवा’ हे त्यातलंच एक: देवनागरीचे सगळे फॉन्ट एकदम हवे असतील तर ते घालायचं, पण त्याच्या स्वतःच्या यादीत एकही फॉन्ट सापडणार नाही. मग विचारायचं ते असं:

एपीटी-कॅश डिपेंड्स फॉन्ट्स-देवा

कोणती पॅकेजं सोबत आली हे कळलं की त्यांतल्या हव्या त्या पॅकेजची यादी तिसऱ्या तपासणीसारखी मागा.

कीबोर्डच्या बाबतीत हीच गोष्ट थोडी वेगळ्या रूपात समोर येते. मराठी टंकण्यासाठी सांगितलं जातं ते ‘आयबस-एम17एन’ हे पॅकेज. त्याची यादी काढली तर मराठीचं नावही नाही. कारण ते पॅकेज म्हणजे आयबसला जोडणारा दुवा आहे. अक्षरांचे तक्ते ‘एम17एन-डीबी’ या दुसऱ्या पॅकेजात असतात, पत्ता /युएसआर/शेअर/एम17एन. तिथे मराठीच्या फायली ‘एमआर’ने सुरू होतात आणि कोकणीच्या ‘केओके’ने. आपल्याकडे एकाच कचेरीत एक कागद मराठीत आणि दुसरा कोकणीत जातो, त्यामुळे दोन्ही तक्ते आहेत ना हे मी आवर्जून पाहतो.

चौथी: उलट दिशेनं विचारा

फाइल समोर आहे पण ती कुणाची ते माहीत नाही, अशा वेळी:

डीपीकेजी -एस फाइलचा-पूर्ण-पत्ता

एस मोठा. उत्तरात पॅकेजचं नाव, मग विसर्गासारखी खूण, मग पत्ता. प्रोग्रॅमचा पत्ता माहीत नसेल तर आधी ‘विच प्रोग्रॅमचं-नाव’ देऊन तो काढा.

इथे दोन ठिकाणी गफलत होते. एक म्हणजे मिळालेला पत्ता खऱ्या फाइलचा नसून नुसता दुवा असतो. एकाच कामाचे दोन-तीन प्रोग्रॅम असले की डेबियन /ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज मध्ये दुवे ठेवून त्यांतला एक निवडतं, आणि ते दुवे कुठल्याच पॅकेजच्या नावावर नसतात. म्हणून पत्त्याला आधी ‘रीडलिंक -एफ’ लावा (एफ लहान) आणि शेवटी मिळेल त्या पत्त्याबद्दल विचारा. दुसरी गफलत जुन्या आवृत्त्यांतली आहे. तिथे /बिन हे फोल्डर /युएसआर/बिनकडे वळवलेलं असतं, पण नोंदीत मात्र जुनाच पत्ता असतो. /युएसआर/बिन लिहून उत्तर आलं नाही तर पुढचं ‘/युएसआर’ गाळून पुन्हा विचारा.

दोन्ही करूनही कुठलंच पॅकेज त्या फाइलवर हक्क सांगत नसेल, तर ती फाइल डीपीकेजीच्या मार्गानं आलेलीच नाही.

पाचवी: मग आली कुठून?

आधी स्नॅप पाहा. प्रोग्रॅम घालायचा हा डीपीकेजीपेक्षा वेगळा मार्ग आहे. उबुंटू 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो. डीपीकेजीला विचारलं तर फायरफॉक्स नावाचं पॅकेज दिसतं, पण ते जवळजवळ पोकळ असतं, खरा प्रोग्रॅम त्यात नाही. ‘स्नॅप लिस्ट’ दिल्यावर तो दिसतो, आणि त्याच्या फायली /स्नॅप/फायरफॉक्स/करंट इथे वाचता येतात. वाचता येतात म्हणजे फक्त वाचताच येतात. स्नॅपचा सगळा ऐवज एकाच बंद फाइलीत असतो आणि ती तिथे उघडून दाखवली जाते, त्यामुळे तिथे बदल करायला जाल तर परवानगी मिळणार नाही. तुमचे बुकमार्क आणि पासवर्ड होम फोल्डरातल्या ‘स्नॅप’ या फोल्डरात, आत फायरफॉक्स आणि कॉमन, अशा वाटेनं असतात. नवा संगणक घेताना जुन्या सवयीनं फक्त होममधलं ‘.मोझिला’ उचलून नेणारे पुष्कळ असतात, आणि मग वर्षानुवर्षांचे बुकमार्क जुन्या डिस्कवरच राहतात.

मिंटवर फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या मार्गाची शक्यता जास्त. ‘फ्लॅटपॅक लिस्ट’ द्या. प्रोग्रॅम /व्हार/लिब/फ्लॅटपॅकमध्ये असतात आणि त्यांची माहिती होममधल्या ‘.व्हार/ॲप’ मध्ये. पायथनचं काही असेल तर ‘पिप शो -एफ’ यादी देतं, एफ लहान.

राहिले ते कुणीतरी मूळ कोडपासून बांधून घातलेले प्रोग्रॅम. ते साधारणतः /युएसआर/लोकल किंवा /ऑप्टमध्ये बसतात आणि त्यांची नोंद कुणाकडेच नसते. ज्या फोल्डरात प्रोग्रॅम बांधला ते अजून असेल तर नशीब. त्यात ‘इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी’ सापडली तर तीच यादी. नसेल तर त्याच फोल्डरात ‘मेक -एन इन्स्टॉल’ द्या. यानं काहीही बसत नाही, काय काय कुठे बसवलं असतं तेवढं छापून येतं.

प्रिंटरबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण कचेऱ्यांत सगळ्यात जास्त अडतं ते तिथे. कंपनीच्या साइटवरून ‘.डेब’ फाइल उतरवून ड्रायव्हर घातला जातो. अशा फाइलवर दोनदा क्लिक करण्याआधी तिच्या आत काय आहे ते पाहा:

डीपीकेजी -सी फाइलचं-नाव.डेब

सी लहान. यानं काही इन्स्टॉल होत नाही, फक्त यादी दिसते. एवढी सवय लागली तरी पुढचा निम्मा त्रास वाचतो. पण हे लक्षात असू द्या की पॅकेजबरोबर एक स्क्रिप्टही येते. ती फायली बसल्यानंतर चालते, आणि काही ड्रायव्हर त्या स्क्रिप्टमधूनच आणखी फायली इकडेतिकडे टाकतात. त्या डीपीकेजीच्या यादीत कधीच येत नाहीत. इन्स्टॉल झाल्यावर ती स्क्रिप्ट /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो मध्ये, पॅकेजच्या नावापुढे ‘.पोस्टइन्स्ट’ अशा शेवटानं सापडते. बहुधा तो साधा मजकूर असतो. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी कुठून कुठे कॉपी केलं हे पत्त्यांवरून समजतं. वाचा, पण त्या फोल्डरात काहीही बदलू नका.

आणि ड्रायव्हर काढला तरी प्रिंटर यादीत का राहतो? कारण प्रिंटर जोडताना छपाईची सेवा त्याच्या माहितीची एक प्रत /ईटीसी/कप्स/पीपीडी मध्ये स्वतः करून ठेवते. ती प्रत ड्रायव्हरच्या पॅकेजची नाही, म्हणून पॅकेजबरोबर जात नाही. प्रिंटरच्या सेटिंगमधून तो प्रिंटर काढा, की प्रतही जाते.

सहावी: वीज गेल्यावर

पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि अपडेट नेमकं तेव्हाच चालू असतं. चतुर्थीपूर्वीच्या दिवसांत माझ्याकडे येणारे बरेच संगणक याच दुखण्याचे असतात. यात यादी बरोबर असते, पण फाइल रिकामी किंवा अर्धी असते. म्हणून यादी पाहून समाधान मानू नका. क्रमानं हे करा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

ए लहान. ‘सुडो’ म्हणजे कमांड प्रशासकाच्या अधिकारानं चालवणं. फायली उलगडल्या गेल्या पण मांडणी अर्धवट राहिली, अशा पॅकेजांचं काम यानं पूर्ण होतं. मग:

सुडो डीपीकेजी -व्ही पॅकेजचं-नाव

व्ही मोठा. हा प्रत्येक फाइल मूळ नोंदीशी ताडून पाहतो. काहीच छापलं नाही तर सगळं ठीक. फाइल बदललेली असेल तर प्रश्नचिन्हांच्या रांगेत 5 हा आकडा दिसतो, आणि नाहीशी झालेली असेल तर तसं सांगितलं जातं. ओळीत सुटं लहान ‘सी’ असेल तर ती सेटिंगची फाइल आहे. ती तुम्ही किंवा आधीच्या कुणी मुद्दाम बदललेली असू शकते, म्हणून तिच्याकडे पाहून दचकू नका. पण सी नसलेल्या ओळीत 5 दिसला तर पॅकेज पुन्हा बसवा:

सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल पॅकेजचं-नाव

हे करण्याआधी संगणक यूपीएसवर आहे ना, हे पाहून घ्या.

सातवी: काढलं तरी जुनी सेटिंग परत येते

‘एपीटी रिमूव्ह’ प्रोग्रॅम काढतं आणि /ईटीसी मधल्या सेटिंग मागे ठेवतं. ‘एपीटी पर्ज’ त्याही काढतं. पण तुमच्या होम फोल्डराला दोन्हीही हात लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिथला ऐवज तुमचा, पॅकेजचा नव्हे.

प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडताना तो होममध्ये टिंबानं सुरू होणारी लपलेली फोल्डरं तयार करतो. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की ती दिसतात. ‘.कॉन्फिग’ मध्ये सेटिंग, ‘.लोकल/शेअर’ मध्ये माहिती, ‘.कॅश’ मध्ये पुन्हा तयार करता येईल असा तात्पुरता साठा. डिस्क भरली असेल तर आधी ‘.कॅश’ पाहा.

लिब्रेऑफिसचं उदाहरण घ्या. त्याचा सगळा वैयक्तिक संसार ‘.कॉन्फिग/लिब्रेऑफिस/4/युझर’ मध्ये असतो. लिब्रेऑफिस कितीही नवं असलं तरी फोल्डरचं नाव ‘4’च आहे. ते बिघडलं की प्रोग्रॅम उघडता उघडता बंद पडतो आणि कितीही वेळा काढून घातला तरी तसाच वागतो. उपाय सोपा आहे: लिब्रेऑफिस बंद करा आणि ‘युझर’ या फोल्डराचं नाव बदलून ‘युझर-जुनं’ असं काही ठेवा. पुसू नका. त्याच्या आत ‘वर्डबुक’ नावाचं फोल्डर आहे, आणि तुम्ही शब्दकोशात स्वतः घातलेले शब्द तिथे ‘स्टँडर्ड.डिक’ या फाइलीत असतात. सावईवेरे, आडपई, खांडेपार, वळवई अशी गावांची नावं, लोकांची आडनावं, देवस्थानाच्या उत्सवांची नावं, हे सगळं कुणीतरी एकेक करून घातलेलं असतं. नवं फोल्डर तयार झालं की ती एक फाइल तेवढी परत आणून ठेवा. ती गेली तर परत मिळवायला दुसरी जागा नाही.

आठवी: आधी खूण, मग इन्स्टॉल

वरच्या कशानंच उत्तर मिळालं नाही आणि तरीही प्रत्येक फाइल हवी असेल, तर वेळेवरून शोधता येतं. पॅकेज घालण्याआधी एक रिकामी फाइल तयार करा:

टच /टीएमपी/खूण

हे नाव देवनागरीत दिलं तरी चालतं. मग ब्राउझर आणि बाकीचं सगळं बंद करून पॅकेज घाला, एकदा उघडून बंद करा, आणि लगेच:

सुडो फाइंड / -एक्सडेव्ह -सीन्यूअर /टीएमपी/खूण -टाइप एफ

इथे ‘सीन्यूअर’च हवं, नुसतं ‘न्यूअर’ नको. पॅकेजमधून बाहेर येणाऱ्या फाइलीवर पॅकेज तयार झालं तेव्हाची जुनी तारीख असते, त्यामुळे नुसतं ‘न्यूअर’ दिलं तर नव्यानं आलेल्या बहुतेक फायली जुन्या ठरून गळतात. ‘सीन्यूअर’ पाहतो तो फाइल या डिस्कवर आली किंवा बदलली तो क्षण, आणि तो खोटा नसतो. ‘एक्सडेव्ह’मुळे शोध पेन ड्राइव्ह आणि सिस्टिमच्या आभासी फोल्डरांत शिरत नाही. पण तुमचं होम वेगळ्या विभाजनावर असेल तर तिरक्या रेघेच्या जागी /होम देऊन कमांड पुन्हा चालवा. लॉगच्या काही ओळी येतीलच, त्या सोडून द्या. खूण आणि शोध यांच्या मध्ये संगणक रीस्टार्ट करू नका, खुणेची फाइल जाऊ शकते.

फेडोरासारख्या, डीपीकेजीऐवजी आरपीएम वापरणाऱ्या संगणकांवर यादीसाठी ‘आरपीएम -क्यूएल’ आणि उलट शोधासाठी ‘आरपीएम -क्यूएफ’, सगळी अक्षरं लहान. बाकी विचार तोच.

इथे थांबा

पुढच्या प्रसंगी स्वतः आणखी काही करू नका, जाणकार माणसाला बोलवा.

टर्मिनलमध्ये ‘इनपुट/आउटपुट एरर’ असे शब्द दिसू लागले, किंवा एकच पॅकेज पुन्हा बसवूनही दर वेळी वेगळीच फाइल खराब निघते: हे पॅकेजचं दुखणं नाही, डिस्कचं किंवा मेमरीचं आहे. संगणक बंद करा. चालू ठेवून शोध, दुरुस्ती, पुन्हा इन्स्टॉल असे प्रयोग करत राहिलात तर मरणाऱ्या डिस्कवर शिल्लक असलेलंही जातं. त्यात एकच प्रत असलेलं काही असेल, जुने फोटो, भाडेकरूंच्या पावत्या, पाहण्यांच्या नोंदी, तर डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्याकडेच न्या, आणि तोवर ती कुणालाही चालू करून पाहू देऊ नका.

/व्हार/लिब/डीपीकेजी मधली ‘स्टेटस’ ही फाइल वाचता येत नाही असा निरोप आला, म्हणजे नोंदवहीच फाटली. तिच्या जुन्या प्रती /व्हार/बॅकअप्स मध्ये असतात आणि अनुभवी माणूस त्यांवरून ती परत उभी करू शकतो. पण चुकीच्या तारखेची प्रत ठेवली तर कोणतं पॅकेज आहे आणि कोणतं नाही याचा मेळ तुटतो. हे काम फोनवर विचारून करण्यातलं नाही.

सोसायटीचे हिशेब, वाचनालयाची सभासद-यादी, शाळेचा निकाल असं काही ज्या संगणकावर चालतं, तिथे ‘पर्ज’ देण्याआधीच थांबा. डेटाबेसचं पॅकेज पर्ज करताना माहितीही पुसायची का असा प्रश्न येऊ शकतो, आणि घाईत ‘हो’ दाबलं जातं. आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेला बॅकअप.

आणि चौथ्या-पाचव्या तपासणीत अशी फाइल सापडली की जी कुठल्याच पॅकेजची नाही, स्नॅप वा फ्लॅटपॅकची नाही, कुणी बांधून घातल्याचं आठवत नाही, आणि तरी संगणक सुरू होताच ती आपोआप चालते, तर नेटवर्कची तार काढा आणि वाय-फाय बंद करा. फाइल पुसू नका. ती काय करते, केव्हापासून करते, हे पाहणाऱ्याला ती जागच्या जागी मिळाली पाहिजे. त्या संगणकावरून बँकेचं काम होत असेल तर पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून त्याच दिवशी बदला.